टोटल सेम, पण रेषा वेगळी!

समजा, तुमच्या प्रोजेक्टमध्ये अ तुकडीची सरासरी टोटल ४२० आली आणि ब तुकडीचीही ४२०. म्हणजे दोन्ही सारख्याच? थांबा. अ गणितात पुढे, भाषेत मागे. ब बरोबर उलट. भाषेचे जादा तास नक्की कुणाला द्यायचे, हे टोटल सांगतच नाही. विषयवार सरासरीचे ठिपके रेषेने जोडा. जो चढउतार दिसेल, तो त्या तुकडीचा 'प्रोफाइल'.

'प्रोफाइल अ‍ॅनालिसिस' तीन गोष्टी तपासतं : रेषा समांतर आहेत का, त्यांची उंची सारखी आहे का आणि त्या सपाट आहेत का. समांतरच नसतील, तर उंचीच्या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही. सबमिशनच्या घाईत नेमकं हेच राहतं. (आणि हो, २० पैकी नि १०० पैकी मार्क तसेच एका रेषेत जोडू नका!)

यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी शोधायची गरज नाही. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तयार केलेलं 'आर' चकटफू आहे. त्यात 'प्रोफाइल-आर' हे पॅकेज टाका. त्यातलं 'पीबीजी' फंक्शन तिन्ही चाचण्या करून देतं. समांतरतेचा निकाल सगळ्यात वर येतो, तो आधी वाचा.