बजरबट्टूचं झाड

तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात एक टणक, गोल बी ओवून बांधायचं, ही आपल्याकडची जुनी चाल. त्या बीला बजरबट्टू म्हणतात. बी घरोघर पोचलं. ज्या झाडाचं ते, तो श्रीताड मात्र फार थोड्यांनी पाहिला आहे.

माड, पोफळीची पानं पिसासारखी, तर ताड आणि श्रीताडाची पंख्यासारखी. पण श्रीताडाचा पंखा 5 मीटर रुंद होऊ शकतो, त्याचा काटेरी कडांचा देठ 4 मीटरपर्यंत आणि झाडाची उंची 25 मीटरपर्यंत. केरळात त्याला ‘कुडप्पना’, म्हणजे छत्रीचा ताड म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलेल्या ‘कोरिफा अंब्राक्युलिफेरा’ या नावातही छत्रीच आहे. श्रीलंकेत जवळजवळ वीस वर्षं कैदेत काढलेल्या रॉबर्ट नॉक्सने 1681 साली छापलेल्या ग्रंथात या पानाखाली माणसं पावसापासून कशी निवारा घेतात, ते लिहिलं आहे. हीच पानं उकळून, वाळवून, घोटून त्यांवर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरत आणि काजळी चोळून ती उठावदार करत. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या असंख्य पोथ्या या झाडाने जपल्या.

डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने कोचीनला सिद्ध करवलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये (12 खंड, 1678–1693) श्रीताडाची चित्रं आहेत. त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोंकणी विद्वान होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे.

श्रीताडाचं खरं नवल त्याच्या फुलोऱ्यात आहे. रोप कित्येक वर्षं जमिनीलगतच राहून आधी बुंध्याचा घेर करतं, मग उंच वाढतं. साधारण 30 ते 80 वर्षं ते खोडात पिठूळ सत्त्व साठवत राहतं. मग एके वर्षी शेंड्याचा कोंभ पान न काढता फुलोरा काढतो. 6 ते 8 मीटरचा, लाखो फुलांचा हा फुलोरा वनस्पतिसृष्टीतला सर्वांत मोठा शाखायुक्त फुलोरा आहे. खोडाला दुसरा कोंभ नसतो आणि साठा तर फुला-फळांत संपतो, म्हणून फळं पिकली की झाड मरतं. कोकणातला भेरली माडही फुलून मरतो, पण तो वरून खाली एकेक घोस काढत काही वर्षं घेतो. श्रीताड सगळं एकदाच देऊन टाकतो. रिओ दि जानेरोच्या फ्लामेंगो उद्यानात उद्यानरचनाकार रोबेर्टो बुर्ले मार्क्स यांनी 1960च्या दशकात लावलेले श्रीताड 2025 साली फुलले; लावणारा 1994 सालीच गेला होता.

पश्चिम घाटाच्या काही भागांत मात्र हा फुलोरा अपशकुनी मानून फुललेलं झाड तोडतात. मरण त्याला येणारच असतं. कुऱ्हाड घेऊन जाते ती त्याची पुढची पिढी. ज्या बीने बाळाची दृष्ट काढायची, तिच्याच झाडाला अशुभ ठरवणं आपल्याला शोभत नाही. मोठं, मोकळं आवार असलेल्या शाळांनी, देवस्थानांनी श्रीताड जरूर लावावा. आणि तुमच्या परिसरात तो फुलला, तर वर्षभर त्याला उभं राहू द्या. फळं पिकायला साधारण तेवढाच काळ लागतो.