डिस्क बिघडली की तार?

पावसाळा लागला की रत्नागिरीत मिठाला पाणी सुटते. मांडवीजवळ राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक मित्रांकडे याच दिवसांत एक वेगळी तक्रार सुरू झाली. त्यांच्या माजघरात राउटर आहे आणि त्याला एक नेटवर्क डिस्क जोडलेली आहे, म्हणजे घरातल्या सर्व संगणकांना वापरता येईल अशी सामाईक डिस्क. शाळेची कित्येक वर्षांची छायाचित्रे तिच्यात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही! माडीवरच्या संगणकाला ही डिस्क कधी दिसे, कधी दिसेनाशी होई. मोठी फाईल तर अर्ध्यातच अडे. डिस्क गेली असे समजून ते नवी आणायला निघाले होते.

आम्ही आधी माडीवरून ‘पिंग’ करून पाहिले. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला मारलेली हाक; उत्तर आले की वाट मोकळी असे आपण समजतो. शंभर हाकांना शंभर उत्तरे आली. मग फाईल का अडावी?

इथे थोडे गणित करू. तारेवरून माहिती बिटांच्या पुडक्यांनी जाते. पुडक्यातला एक बिट जरी चुकला तरी सारे पुडके टाकून दिले जाते. समजा, लाखात एक बिट चुकतो. विंडोजच्या साध्या पिंगचे पुडके सुमारे ६२४ बिटांचे असते, तेव्हा हजारांत सहाच पुडकी वाया जातील. फाईलची पुडकी सुमारे १२,००० बिटांची. त्यांतली शेकडा अकरा जातील. म्हणून पिंगचा आकार वाढवून १,४०० बाइट केला. लगेच उत्तरे गळू लागली.

दुसरा पुरावा वेगाचा. तारेत पिळलेल्या आठ वायरी, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १,००० मेगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी निकामी झाली की पुष्कळ यंत्रे आपण होऊन खालच्या वेगावर उतरतात. फाईल उतरत होती सेकंदाला ११ मेगाबाइटने. १०० ला ८ ने भागा, १२.५ येतात, म्हणजे जोडणी खाली उतरली होती.

मग माडीवरचा तोच संगणक खाली आणून आखूड तारेने राउटरला जोडला. तासभर फाइली उतरवल्या, एकदाही अडल्या नाहीत. (तार आणि संगणक दोन्ही एकदम बदलले असते तर काहीच कळले नसते.) डिस्क, राउटर, संगणक सुटले. उरली ती माडीपर्यंतची तार.

ती वळचणीखालून नेलेली होती आणि मध्ये एक जोड होता. जोड उघडला तर आत हिरवा थर! समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. हे खारे पाणी विजेचे वाहक. संपर्कावरचा सोन्याचा मुलामा पातळ. तो झिजला की खालचा धातू गंजू लागतो. उन्हाळ्यात हाच जोड कसाबसा चालत होता.

जोड काढून घराच्या आतून एकसंध तार टाकली. पण त्याआधी, जुनी तार तशीच असताना, खाली आणलेल्या संगणकावर साऱ्या छायाचित्रांची दुसरी प्रत करून घेतली.

तार नसून वायफाय असेल तर आपल्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंतींवर आधी संशय घ्यावा. आणि राउटर बंद करून चालू केल्यावरच डिस्क हरवत असेल, तर बहुधा तिचा पत्ता बदललेला असतो; राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवता येतो.