तेल बदलता येते, कागद नाही

उपकेंद्रातले मोठे रोहित्र उघडून पाहणे सोपे नसते. त्याचा भार दुसरीकडे वळवावा लागतो, हजारो लिटर तेल उपसावे लागते आणि उघडे पडलेले वाइंडिंग लगेच हवेतला ओलावा ओढू लागते. म्हणून टाकी बंद ठेवूनच दोष शोधायचा. त्यासाठी विचारायचे तेलाला.

तेलाची रूढ चाचणी बीडीव्हीची, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजची. २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमधले तेल किती किलोव्होल्टला फुटते, ते पाहायचे. त्यातून ओलावा आणि कचरा कळतो. वाइंडिंगमध्ये कुठे काय जळते आहे, ते कळत नाही. ते सांगतात तेलात विरघळलेले वायू.

आत उष्णता वाढली किंवा ठिणगी पडली की तेलाचे रेणू तुटतात. पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनच्या एखाद्या भागापुरते छोटे विद्युत स्फुरण असेल तर मुख्यतः हायड्रोजन निघतो. एखादा सांधा ढिला पडून तापू लागला तर आधी मिथेन आणि इथेन, तापमान चढत गेले की इथिलीन. आर्क पेटला तर अ‍ॅसिटिलीन. तो दहा लाखांत मोजकेच भाग असला तरी अभियंते सावध होतात. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. कॅनडातील हायड्रो-क्युबेकचे संशोधक मिशेल दुव्हाल यांनी १९७०च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि अ‍ॅसिटिलीन यांच्या टक्केवारीवरून दोषाचा प्रकार दाखवणारा त्रिकोण मांडला. तो आजही वापरात आहे.

पण अ‍ॅसिटिलीन दिसला म्हणजे वाइंडिंग जळतेच आहे, असेही नाही. व्होल्टेज जुळवण्यासाठी वाइंडिंगचे टॅप चालू भारावर बदलताना टॅप चेंजरमध्ये ठिणग्या पडणारच. त्याच्या कप्प्यातले तेल मुख्य टाकीत झिरपले तर अहवालात अ‍ॅसिटिलीन फुगतो आणि दोष मात्र एखाद्या सीलमध्ये निघतो. हायड्रोजनपेक्षा अ‍ॅसिटिलीन दुपटी-तिपटीने जास्त असेल, तर आधी टॅप चेंजर तपासावा.

रोहित्राचे आयुष्य खरे ठरते ते तांब्यावर गुंडाळलेल्या क्राफ्ट कागदावर. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. नव्या कागदात तिच्यात साधारण हजार मणी असतात. उष्णता, ओलावा आणि आम्ल यांनी ती तुटत जाते. सरासरी दोनशेवर आली की कागद ठिसूळ होतो आणि शॉर्टसर्किटचा धक्का सोसत नाही. माळ तुटताना निघणारी फ्युरान संयुगे तेलात उतरतात. ती मोजली की टाकी न उघडताही कागदाच्या वयाचा अंदाज येतो.

इथेच एक सापळा आहे. तेल फिल्टर केले की वायू निघून जातात, ओलावा घटतो, फ्युरानही कमी होते आणि पुढचा अहवाल निर्दोष दिसतो. कागद मात्र होता तितकाच थकलेला असतो. म्हणून फिल्टर करण्याआधी नमुना घ्यावा, केल्यानंतर पुन्हा घ्यावा आणि जुने आकडे फाइलीत जपावेत. एका अहवालापेक्षा दोन अहवालांमधली वाढच दोषाबद्दल अधिक सांगते.