क्लिव्हियाला फुलं का येत नाहीत? कारण दडलंय हिवाळ्यात

केशरी फुलं पाहून क्लिव्हिया आणली, पण पुढच्या वर्षी नुसतीच पानं? खत वाढवण्याआधी तापमान बघा.

क्लिव्हिया मूळची दक्षिण आफ्रिकेतली. जंगलात झाडांच्या सावलीत वाढणारी. कळी धरण्यासाठी तिला ६ ते ८ आठवडे साधारण १० अंश सेल्सिअसचा गारवा आणि अगदी कमी पाणी लागतं.

पुणे, नाशिक : हिवाळ्यात कुंडी बाहेर, सावलीत ठेवा. कडक उन्हात पानं करपतात.

मुंबई, कोकण : एवढा गारवा मिळत नाही. फुलांची खात्री नाही, पानं मात्र छान राहतात.

बर्फ पडणारे देश : कुंडी घरातच, पण हीटर नसलेल्या उजेडाच्या खोलीत ठेवा.

कळीचा दांडा वर आला की पाणी वाढवा.

लक्षात ठेवा : हे झाड विषारी आहे. लहान मुलं, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.