सीटची झिजलेली कड आणि घरातली शिलाई मशीन

गाडी जुनी होते तेव्हा पहिल्यांदा झिजतो तो चालकाच्या सीटचा दरवाजाकडचा उंचवटा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे चढता-उतरता सगळे वजन सीटच्या उजव्या कडेवर पडते आणि कपडा त्याच कडेवर घासला जातो. दिवसातून वीस वेळा चढउतार करणाऱ्या माणसाच्या गाडीत ही कड दोन-चार वर्षांतच बसते. आधी टीप उसवते, मग रेक्झिनला चीर पडते, आतला फोम पिवळा भुगा होऊन गळू लागतो आणि शेवटी तार बाहेर डोकावते.

करमाळा तालुक्यात अशा सीटांची कमतरता नाही. उजनीच्या फुगवट्यावरची केळी आणि ऊस वाहणाऱ्या पिकअप, जेऊर स्टेशनवर उतारू घेऊन जाणाऱ्या जीप, टेंभुर्णी आणि नगरच्या रस्त्यावर धावणाऱ्या भाड्याच्या गाड्या, आणि घरटी एखादी दुसऱ्या हातची मोटार. बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो. सीटवर सोलापुरी टॉवेल किंवा चादर टाकायची. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर दणकट खरी, पण ती खड्डा झाकते, भरत नाही.

हा खड्डा दिसायला क्षुल्लक, पण त्यात बसणाऱ्याचे शरीर रोज एका बाजूला कलते. दोन-तीन तास कमरेला पीळ पडून गाडी चालवणाऱ्याची पाठ संध्याकाळी बोलू लागते. ज्याचे घर गाडीवर चालते, त्याची पाठ हेच त्याचे भांडवल. शिवाय वर आलेल्या तारेत बुरख्याचे टोक किंवा लहान मुलाचा पायजमा अडकतो तो वेगळाच. म्हणून हे काम घरी कसे करता येते ते या लेखात सविस्तर देत आहोत. आमच्या घरी एकाने पाना-पक्कड हाती घेतली आणि दुसरीने शिलाई मशीन चालवली. ज्या घरात मशीन आहे, तिथे निम्मे काम झालेलेच असते.

पिंजाऱ्यापासून कुशनवाल्यापर्यंत

हे काम आपल्या समाजाला परके नाही. महाराष्ट्रात कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे पिंजारी, नदाफ आणि मन्सुरी हे मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या हीच कला करत आले. अरबीत नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. हल्लाज या शब्दाचा अर्थही तोच, आणि मन्सुरी हे नाव मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडले जाते. पिंजणाच्या तातेचा आवाज गल्लीत आला की बाया जुन्या गाद्या अंगणात काढत, हे पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल.

मग फोम आला. जर्मनीत 1937 साली ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले आणि त्याचाच फोम पुढे घराघरांत आणि गाड्यांत शिरला. जुन्या मोटारींच्या सीटमध्ये स्प्रिंगा आणि त्यावर काथ्या किंवा कापूस असे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि पुढच्या काळात साच्यात ओतलेल्या फोमच्या सीटा सर्वत्र झाल्या. तयार गाद्यांनी पिंजाऱ्याचा धंदा खाल्ला. पण भरावाचा अंदाज, दाभणाचा टाका आणि कापड ताणण्याची समज हातात होती. ती घेऊन अनेक जण सोफा, टपाचे हूड आणि गाडीच्या सीटच्या कामाकडे वळले. आज तालुक्याच्या गावी 'कुशन वर्क्स'ची पाटी दिसते, तिच्यामागे हा इतिहास असू शकतो.

सीट का झिजते

कारणे तीन. पहिले घर्षण, ते वर सांगितलेच. दुसरे ऊन. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा 42 अंशांच्या पुढे जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सीटचा पृष्ठभाग हात ठेववणार नाही इतका तापतो. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. उष्णतेने ते हळूहळू निघून जाते, थर कडक होतो आणि दुमडतो तिथे तडकतो. तिसरे कारण आतले. फोमखालची तार किंवा लोखंडी चौकट फोमला खालून कापत राहते. म्हणून नुसते वरून नवे कव्हर चढवले तर ते सहा महिन्यांत पुन्हा त्याच जागी बसते.

आधी दुखणे ओळखा

कडेवर तळहात ठेवून जोरात दाबा. फोम परत वर आला आणि फक्त टीप उसवलेली असेल, तर सीट न काढताही काम होईल. कड दबलेलीच राहिली, तर फोम भरावा लागेल. दाबताना करकर आवाज आला किंवा सीट हलली, तर चौकट मोडली आहे. ते वेल्डिंगचे काम आहे, घरी करू नये.

आणखी एक गोष्ट सर्वांत आधी पाहा. पाठीच्या बाजूला, दरवाजाकडच्या कडेला 'एअरबॅग' असे लिहिलेले लेबल किंवा शिवलेली चिठ्ठी असेल, तर त्या पाठीला सुई-ब्लेड लावू नका. कव्हरच्या ठराविक टिपेतून ती पिशवी क्षणार्धात बाहेर येण्याची योजना असते. तिथे पक्का दोरा घातला तर अपघाताच्या वेळी ती अडेल. अशा पाठीवर घट्ट बाजारी कव्हरही चढवू नये. सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर तिचा जोड घरी सोडू नका. अशी सीट काढायची असल्यास अधिकृत कारागिराकडे जा.

सामान

पाना, पक्कड, ब्लेड, मोठी कात्री, खडू, ब्राउन पेपर. फोम 40 डेन्सिटीचा, 25 मिलिमीटर जाडीचा. गादीचा मऊ फोम इथे चालत नाही, तो महिन्यात चपटा होतो. एक हात जाड कॅनव्हास किंवा नमद्याचा तुकडा. मूळ रंगाशी जुळणारे, मागे विणलेले कापड असलेले रेक्झिन. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा जाड दोरा. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो. मशीनसाठी 16 किंवा 18 नंबरची सुई, हाताच्या टाक्यासाठी अर्धगोल वाकडी सुई. चिकटवायला सिंथेटिक रबरचा गोंद, उदाहरणार्थ फेविकॉल एसआर. कव्हर बांधायला लहान केबल टाय.

कव्हर उतरवणे

सीट सहसा चार बोल्टवर बसलेली असते. दोन पुढे, दोन मागे. ती सरकवत एकेक बोल्ट काढा. खालून बेल्टची वायर असेल तर ओढू नका. सीट चादरीवर उलटी ठेवा. कव्हरची कड प्लास्टिकच्या पट्टीने चौकटीला अडकवलेली असते, ती दाबून सोडवा. मधल्या खाचेत कव्हर तारेच्या कड्यांनी आतल्या तारेला बांधलेले असते. कड्या पक्कडीने उघडा किंवा कापा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना तोच नकाशा.

फोम भरणे

भुगा झालेला भाग ब्लेडने सरळ, स्वच्छ कापून काढा. उघड्या तारेवर कॅनव्हास किंवा नमदा चिकटवा, म्हणजे ती नव्या फोमला कापणार नाही. हाच टप्पा घाईत गाळला जातो आणि काम वाया जाते. आता खड्ड्याच्या मापाचा फोम कापा, किंचित मोठा. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबून बसवा. हे काम मोकळ्या हवेत करा, गोंदाचा वास डोक्यात जातो आणि तो पटकन पेट घेतो, म्हणून जवळ चूल किंवा विडी नको. वाळल्यावर नव्या फोमच्या कडा उतरत्या कापा. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कडेवर कागद ठेवून आकार घ्या, तो उलटा करून इकडे धरा आणि जुळवा. डोळ्याने नीट दिसते तरी हात फिरवून पाहा, उंचवटा हातालाच कळतो.

शिलाई

फाटलेला तुकडा कव्हरमधून उसवून काढा. तो सपाट करून ब्राउन पेपरवर आखा. जुना तुकडा ताणून लांबलेला असतो, म्हणून फाटलेल्या जागा जुळवून, चिकटपट्टी लावून मगच आखा. चहूबाजूंनी 12 मिलिमीटर माया सोडा आणि जोडणीच्या जागी खडूने खुणा करा. रेक्झिनला टाचण्या लावू नका, प्रत्येक भोक कायमचे राहते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

टाका मोठा ठेवा, साधारण 4 मिलिमीटर. बारीक टाक्याने रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखे छिद्रांवरून फाटते. मशीनचा पाय चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून टीप मारा आणि मग कागद फाडून काढा. चार पदर एकत्र येतील तिथे मोटर किंवा पायडल न वापरता चाक हाताने फिरवा. आधी एका चिंधीवर टीप मारून दोऱ्याचा ताण बघा. उलट बाजूला माया दोन्हीकडे पाडून वरून दुसरी टीप दिली की कड दुप्पट टिकते. ज्या बहिणी वर्षानुवर्षे परकर-कुडते आणि शाळेचे गणवेश शिवतात, त्यांना यातले काहीच नवे नाही, फक्त कापड जाड आहे.

नुसती लहान चीर असेल तर इतके करायची गरज नाही. चिरेतून आत कापडाचा तुकडा सरकवा, लवचिक गोंदाने चिकटवा आणि वाकड्या सुईने लपता टाका घाला. झटपट सुकणारा कडक गोंद वापरू नका. तो काचेसारखा होतो आणि शेजारचे रेक्झिन कापतो.

परत बसवणे

शिवलेले कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा. आपल्याकडे उन्हाची ददात नाही, आणि गरम रेक्झिन सहज ताणले जाते. फोमवर पातळ प्लास्टिक टाकले तर कव्हर घसरत बसते. आधी मधली खाच केबल टायने बांधा, मग पुढची कड, शेवटी बाजू. सुरकुत्या मधून बाहेरच्या दिशेने तळहाताने काढा.

सीट बसवताना चारही बोल्ट आधी हाताने लावा, मग घट्ट करा. बेल्टचा खटका बहुधा सीटलाच जोडलेला असतो, म्हणजे या चार बोल्टांवर माणसाचा जीव असतो. शंका असेल तर मेकॅनिककडून ते योग्य ताणाने आवळून घ्या. सीट पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंचे लॉक 'खट्' वाजते ना, बेल्ट लागतो ना, डॅशबोर्डवरचा दिवा विझतो ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

पुन्हा झिजू नये म्हणून

गाडीत बसताना आधी कंबर सीटच्या मध्ये टेका, मग पाय आत घ्या. कडेवरून घसरत आत जाऊ नका. मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका. गाडी सावलीत लावा, नसेल तर काचेला पडदा लावा. रेक्झिन सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर किंवा खोबरेल तेल लावून चकाकी आणायच्या फंदात पडू नका.

कारागिराकडे कधी जावे

चौकट मोडली, एअरबॅग असली, अस्सल चामड्याची सीट असली किंवा सगळ्या सीटा बदलायच्या असल्या, तर खुशाल कुशनवाल्याकडे जा. स्वतः एकदा फोम कापून पाहिलेला माणूस कारागिराला नेमके विचारू शकतो. फोम किती डेन्सिटीचा, तारेवर काय घालणार, दोरा कोणता. आणि असाच माणूस त्याच्या मजुरीवर घासाघीसही कमी करतो, कारण एक कड सरळ आणायला किती वेळ बसावे लागते हे त्याने अनुभवलेले असते. घरातल्या मुलाला आणि मुलीला या कामात शेजारी बसवा. दाभण धरता येणाऱ्या हाताला तालुक्याच्या गावी अजूनही काम मिळते.