नमुना फ्लॅट पाहून झाल्यावर

नमुना फ्लॅटमधला पलंग आखूड आणि कपाटं उथळ असू शकतात, त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. तिथे मोजपट्टी काढायला लाजू नये. मोजायचं ते चटई क्षेत्र. २०१६च्या रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बांधकाम चालू असेल तर मंजुऱ्या आणि प्रकल्प पुरा होण्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आजच बुक करा’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगावं.

तयार घरात खरा प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचा. ते नसलेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षं राहतात, म्हणून ‘आपणही राहू’ हा विचार मला तरी धोक्याचा वाटतो. पालिकेचं पाणी, बँकेचं कर्ज, पुढे घर विकणं, कुठेही गाडी अडू शकते. जुनी सोसायटी असेल तर अभिहस्तांतरण झालंय का, ते विचारा. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर पुनर्विकासाच्या वेळी तिढा होतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती येतात, हे एजंटला नव्हे, वॉचमनला विचारावं.