साथीच्या दिवसांत नौकामंडळ

पावसाळ्यांत हिंदमाता चौकांत पाणी तुंबलें म्हणजे "आतां येथें होडीच चालवावी" असें कोणी तरी म्हणतोच. ही थट्टा फार जुनी झाली. हा भाग बशीसारखा सखल असल्यामुळें आसपासचें पाणी तेथें उतरतें, आणि मोठा पाऊस व समुद्राची भरती एकाच वेळीं आली कीं तें लवकर निघून जात नाहीं. ज्यांना खरोखर होडी चालवावयाची असते त्यांनीं अशा पाण्याकडे फिरकूं नये, आणि त्याचें कारण केवळ गटारांचीं उघडीं तोंडें हें नव्हे. जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली ती अशाच पाण्यांतून. उंदरांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरलेले जंतु पायाच्या लहानशा जखमेवाटे शरीरांत शिरतात. पुढें पंधरा वर्षांनीं, 2020 सालीं, परळच्या रुग्णालयांतून खाटा अपुऱ्या पडूं लागल्या त्या मात्र पाण्यामुळें नव्हे. त्या वेळचा रोग श्वासावाटे येत होता.

या दोन साथींतला फरक ज्या चालकांस नीट उमगला त्यांस साथीच्या दिवसांत मंडळ चालविण्याची निम्मी विद्या आली असें समजण्यास हरकत नाहीं. रोग कोणत्या वाटेनें येतो हें न पाहतां केलेला बंदोबस्त खर्चाचा होतो, आणि फोलहि ठरतो. परळला हा धडा जुना आहे. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां गटारांतून समुद्राचें पाणी सोडण्यांत आलें, कार्बॉलिक ॲसिड ओतण्यांत आलें, घरेंच्या घरें धुवून निघालीं. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. पिसवांचा हात सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें 1898 सालीं दाखविला, आणि परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमधील प्रयोगशाळेंत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेंत, पुढें जें काम झालें त्यानें तो निर्विवाद ठरला. 2020 सालींहि असेंच कांहींसें घडलें. पहिले कांहीं महिने जगभरचीं क्रीडामंडळें वल्हीं, दोर आणि दाराच्या कड्या औषधी पाण्यानें घासूं लागलीं. तें वाईट नव्हतें. हात धुतल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु वल्हीं घासून झाल्यावर तीच मंडळी एका कोंदट खोलींत तासभर बसून चहा घेणार असेल, तर त्या घासण्याचा उपयोग तो कितीसा?

हवेनें रोग कसा पसरतो याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मार्च 2020 मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत स्कॅजिट नांवाच्या खोऱ्यांतील एक गायकमंडळ अडीच तास एका सभागृहांत तालमीसाठीं जमलें होतें. हजर 61 जण. त्यांपैकीं 53 जण आजारी पडले आणि दोघे दगावले. गाणाऱ्याचा श्वास मोठा असतो. वल्हेकऱ्याचा त्याहून मोठा. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास 6 ते 8 लिटर हवा आंतबाहेर करतो. तोच जीव तोडून वल्हीं मारूं लागला कीं हें प्रमाण 100 लिटरांच्या वर जातें. म्हणून नौकामंडळाच्या बंद शेडमध्यें जीं वल्हविण्याचीं यंत्रें ओळीनें मांडलेलीं असतात, त्यांवर दहा तरुणांनीं अर्धा तास घाम गाळणें हें साथीच्या दिवसांत नदीवरील कोणत्याहि कामापेक्षां अधिक धोक्याचें असतें. यंत्रें बाहेर झाडाखालीं आणून ठेवलीं म्हणजे हा प्रश्न बव्हंशीं सुटतो. त्याला फारसा पैसा लागत नाहीं, उचलण्यास चार हात लागतात एवढेंच.

गिरगांव, दादर, परळ या भागांत हलक्या नौका वल्हविण्याजोगें संथ पाणी नाहीं. येथल्या मुलांची पाण्याशीं ओळख होते ती बहुधा शिवाजी पार्कजवळील महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावांत. परंतु याच घरांतील कितीतरी मुलें पुढें शिक्षणासाठीं पुण्यास जातात, आणि तेथें संगमाजवळ नदीवर अभियांत्रिकी महाविद्यालयाचें नौकामंडळ त्यांच्या दृष्टीस पडतें. या मंडळाचा रेगाटा नांवाचा नौकोत्सव 1928 पासूनचा आहे. पुण्यासच लष्कराचें नौकाकेंद्र आहे. चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करांत शिरल्यावर वल्हीं मारावयास शिकला आणि 2016 सालीं रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत एकट्याच्या नौकेंत तेरावा आला. नौकाक्रीडा ही साहेबांची मिरासदारी राहिलेली नाहीं.

13 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणें, नागपूर इत्यादि शहरांतील व्यायामशाळा व तरणतलाव सरकारी हुकुमानें बंद झाले. व्यायामशाळा उघडल्या त्या 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशीं. तलाव 5 नोव्हेंबरपासून उघडले, तेहि राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंच्या सरावापुरतेच. अर्जुन लाल जाट व अरविंद सिंग ही जोडी पुण्याच्या लष्करी केंद्रांत सराव करून टोकियोस गेली आणि 2021 मध्यें अकरावी आली. लष्करी केंद्राला फाटक लावून घेतां येतें. आंतला आंत, बाहेरचा बाहेर. नागरिकांच्या मंडळाला ती सोय नाहीं. त्याचा प्रत्येक सभासद संध्याकाळीं घरीं जातो, आणि तें घर लालबागच्या चाळींतील दोन खोल्यांचें असलें तर त्याच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर आजीचें अंथरूण असतें. मंडळानें केलेल्या चुकीची किंमत बहुतेक वेळां तिलाच द्यावी लागते. वल्हीं मारणारा तरुण दोन दिवस कणकणून बरा होतो.

आतां प्रत्यक्ष पाण्यावरील व्यवस्था. वल्हेकरी बसतो तो प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून. नौका धांवूं लागली कीं वारा त्याच्या पाठीवरून येतो आणि त्याचा श्वास समोर, म्हणजे नौकेच्या मागच्या टोंकाकडे, वाहून नेतो. आठ जणांच्या नौकेंत नेमक्या त्याच टोंकाशीं सुकाणूवाला सर्वांकडे तोंड करून बसलेला असतो. आठांचा श्वास त्याच्यावर येतो, आणि ओरडून हुकूम देण्याचें काम त्याचेंच असल्यामुळें त्याचा श्वास पहिल्या वल्हेकऱ्याच्या तोंडावर जातो. कयाकमध्यें तोंड पुढें असतें, म्हणून तेथें मागें बसणाराला जपावें लागतें. उघड्या हवेंत हा धोका खोलीच्या मानानें पुष्कळच कमी. तरी तासभर त्याच जागीं, त्याच माणसामागें बसावयाचें असतें हें विसरतां येत नाहीं. याच विचारानें इंग्लंडांत मे 2020 मध्यें नदीवर प्रथम परवानगी मिळाली ती एकट्यास किंवा एकाच घरांतील माणसांस. तेथील ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रख्यात शर्यत 2020 सालीं झालीच नाहीं. 2021 सालीं झाली ती थेम्स नदी सोडून ईली येथें, प्रेक्षकांवांचून. एका पुलाची दुरवस्था हेंहि त्याचें एक कारण होतें, पण कांठावरची गर्दी टाळणें हें मुख्य.

कांठ हीच खरी अडचणीची जागा होय. कपडे बदलण्याची खोली, नौका उचलतांना होणारी दाटी, सराव संपल्यावरच्या गप्पा, आणि सर्वांत वाईट म्हणजे बंद मोटारींतून केलेला एकत्र प्रवास. मुंबईच्या लोकलगाड्या मार्च 2020 पासून सामान्य प्रवाशांस बंद होत्या. त्या ठराविक वेळांपुरत्या उघडल्या 1 फेब्रुवारी 2021 रोजीं. अशा दिवसांत पांच जण एका मोटारींत दाटीवाटीनें बसून, कांचा वर करून, तलावापर्यंत जाणार आणि तेथें पोंचल्यावर एकमेकांपासून दोन मीटर अंतर राखणार, हा प्रकार हास्यास्पद आहे. कांचा खालीं ठेवाव्या, किंवा त्या दिवशीं जाऊंच नये. घरूनच पोहण्याचे कपडे घालून यावें, कांठावर थांबूं नये, ओल्या अंगावर सदरा चढवून निघावें.

येथपर्यंतचें सर्व सोपें आहे. अवघड भाग पुढचा, आणि पुष्कळ मंडळांची फसगत तेथेंच होण्याचा संभव असतो. "एकट्याची नौका सर्वांत सुरक्षित" हें वाक्य रोगापुरतें खरें. पाण्यापुरतें तें अगदीं खोटें आहे. शर्यतीची एकट्याची नौका सुमारें 8 मीटर लांब आणि जेमतेम एक फूट रुंद असते. ती तोलली जाते ती हातांतील दोन वल्ह्यांनीं. एक वल्हें सुटलें कीं उलटलीच. एरवीं नवशिक्यास रुंद होडींत शिक्षकाबरोबर बसवितात. साथीचा नियम शिक्षकाला होडींतून उतरवितो आणि नवशिक्याला एकटा पाण्यावर पाठवितो. म्हणजे चार-पांच दिवसांनीं कदाचित् येणाऱ्या तापाच्या भीतीनें चार मिनिटांत येणारा मृत्यु पत्करल्यासारखें होतें. साथ जोरांत असतांना नवे विद्यार्थी घेऊंच नयेत, हा त्यावरील सरळ उपाय. ज्यांना थोडेंफार येतें त्यांनीं रुंद होडींत, कांठ न सोडतां, अंगांत तरंगतें जाकीट घालूनच जावें, आणि शिक्षकानें दुसऱ्या होडींतून हांकेच्या अंतरावर राहावें. मुरलेल्यांनींहि पाण्यावर एकटें जाऊं नये. दोन नौकांनीं जोडीनें निघावें आणि जोडीनें परतावें.

तोंडावरचें फडकें नौकेंत चढतांना काढून कोरड्या पिशवींत ठेवावें. भिजलेलें कापड नाकातोंडाला चिकटलें म्हणजे श्वास कोंडतो. पाण्यांत पडलेल्या माणसाच्या तोंडावर तें असणें हा एक स्वतंत्र अपघात आहे. शिटी मात्र प्रत्येकाची स्वतःची असावी; ती उसनी देऊं-घेऊं नये.

बुडणाऱ्यास वांचविण्याचा जुना क्रम असा आहे, कीं प्रथम वल्हें किंवा काठी पुढें करावी, तेवढ्यानें न भागल्यास दोर फेंकावा, मग होडी न्यावी, आणि हें सर्व अशक्य झालें तरच शिकलेल्या माणसानें उडी घ्यावी. गंमत अशी कीं हाच क्रम साथीच्या दृष्टीनेंहि उत्तम आहे, कारण त्यांत अंतर आपोआप राखलें जातें. म्हणून साथीच्या दिवसांत दोर फेंकण्याचा सराव दुप्पट करावा. तो मोकळ्या मैदानावरहि होतो. बुडालेल्याचें हृदय थांबतें तें हवा न मिळाल्यामुळें. तेव्हां केवळ छाती दाबून भागत नाहीं, त्याच्या छातींत हवा घालावी लागते. त्यासाठीं हातानें दाबावयाची रबरी पिशवी आणि तोंडावर बसणारा मुखवटा शेडमध्यें किल्ली न लावलेल्या पेटींत असावा, आणि तो वापरण्याचें शिक्षण निदान चौघांनीं डॉक्टरांकडून घेतलेलें असावें. ऐन वेळीं ही वस्तु सांपडली नाहीं तर काय करावें, हा वाद कांठावर उभें राहून घालण्याचा नव्हे. सभासदांच्या सभेंत तो आधींच मिटवावा, आणि ज्यांच्या घरीं अशक्त म्हातारें माणूस आहे त्यांस त्या कामाच्या पाळींतून वगळावें.

बंदी उठल्यानंतरचा पहिला दिवस विशेष जपण्याचा असतो. आठ महिने शेडमध्यें पडलेल्या नौकांच्या हवेच्या कप्प्यांचीं बुचें सुकून सैल झालेलीं असतात, दोर कुजलेले असतात, तरंगत्या जाकिटांचे बंद उंदरांनीं कुरतडलेले असतात. मध्यें एक पावसाळा गेला असेल तर नदीचा तळहि पूर्वीचा राहत नाहीं. नवा गाळ, बुडालेलीं खोडें, अडकलेलीं जाळीं. आणि वल्हेकऱ्याचे हात मऊ पडलेले असतात, त्यांना लागलीच फोड येतात. ते फुटले कीं पहिल्या परिच्छेदांतील उंदीर पुन्हां पुढें येतो. ॲंडी होम्स हा दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविलेला ब्रिटिश वल्हेकरी 2010 सालीं याच लेप्टोस्पायरोसिसनें वारला. बोर्निओंतील सबा येथें 2000 सालीं झालेल्या एका दीर्घ शर्यतींतील अनेक स्पर्धकांस हाच रोग नदीच्या पाण्यांतून जडला होता. तेव्हां फोड आणि जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीनें झांकाव्या, नदीचें पाणी तोंडांत जाऊं देऊं नये, घरीं येतांच साबणानें अंघोळ करावी. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखूं लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांस "मी नदींत होतों" हें आपण होऊन सांगावें. हे तीन शब्द सांगितले नाहींत तर श्वासाच्या साथीच्या दिवसांत प्रत्येक ताप त्याच खात्यावर मांडला जातो, आणि या तापाचें औषध, जें लवकर दिल्यास गुणकारी असतें, उशिरां मिळतें.

आजारांतून उठलेल्या सभासदाची परत येण्याची घाई हा शेवटचा प्रश्न. कोविडनंतर कांहींच्या हृदयाच्या स्नायूस सूज आल्याचें आढळलें आहे, आणि अशा हृदयावर शर्यतीचा ताण टाकणें जिवावर बेतूं शकतें. ताप पूर्ण गेल्यावर प्रथम चालणें, मग हलका व्यायाम, आणि छातींत दुखणें, धडधड किंवा चक्कर यांपैकीं कांहींहि जाणवल्यास डॉक्टरांनीं पाहीपर्यंत वल्ह्यास हात न लावणें, एवढें पथ्य पाळावें. परंतु सभासद हें पथ्य पाळील कीं नाहीं तें बहुतांशीं मंडळावर अवलंबून असतें. जेथें गैरहजेरीबद्दल नौकेंतील जागा जाते, वर्गणी बुडते आणि शिक्षकाचीं बोलणीं खावीं लागतात, तेथें तरुण मंडळी खोकला दाबून हजर राहते. म्हणून आजारी कळविणाऱ्याची जागा राखून ठेवावी, त्या महिन्याची वर्गणी पुढील महिन्यांत वळती करावी, आणि हजेरीच्या वहींत आजाऱ्याच्या नांवापुढें फुली न मारतां निराळी खूण करावी.